डुक्कर रुपयासाठी कोल्हापूर: सहा हजारांत एक ‘की डेट’

सांगली स्टँडवर सकाळी कोल्हापूरची गाडी धरली तेव्हा पर्समध्ये सहा हजार रुपये, दहापट मोठं दाखवणारं भिंग, तळहाताएवढा वजनकाटा आणि एक चिठ्ठी होती. चिठ्ठीवर हव्या असलेल्या चांदीच्या रुपयांची दोनच सालं: १९११, नाहीतर १९२२. ही चिठ्ठी फार महत्त्वाची. मागच्या खेपेला चिठ्ठीशिवाय गेले आणि अकरा नाणी घेऊन आले. त्यातलं एकही मला हवं होतं असं नव्हतं. ‘स्वस्त मिळालं’ एवढ्यावर घेतलेली. आता ती एका डब्यात आहेत आणि तो डबा मी सहसा उघडत नाही.

मी सहकारी बँकेत कॅशियर आहे. दिवसभर नोटा मोजून झाल्यावर घरी येऊन नाणी बघत बसते याचं घरच्यांना अजून नवल वाटतं. गोळा करते ते पंचम जॉर्जचे चांदीचे रुपये. १९११ ते १९२२, बारा वर्षांचे बारा. हा संच मध्यमवर्गीय खिशाला झेपतो म्हणूनच निवडला. त्यातले नऊ सहज जमले. १९२१ एका सहकाऱ्याच्या आजीच्या गाठोड्यातून रीतसर पैसे मोजून घेतला. राहिले चिठ्ठीवरचे दोन.

ज्या सालचं नाणं सहज मिळत नाही आणि संग्रह तिथेच अडून बसतो ते साल म्हणजे ‘की डेट’, इतकी साधी व्याख्या मी करते. किती नाणी पाडली यापेक्षा किती उरली हे बघायचं असतं. १९१८ चा रुपया घ्या. महायुद्धाच्या ओढाताणीत मुंबई आणि कलकत्ता या दोन टांकसाळींनी मिळून त्या साली चाळीस कोटींहून जास्त रुपये पाडले. चांदी पुरेना म्हणून अमेरिकेनं पिटमन कायदा करून स्वतःचे सत्तावीस कोटी चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यातली बहुतेक चांदी ब्रिटनमार्फत इकडे आली. म्हणजे आपल्या पणजीच्या गाठोड्यातल्या १९१८ च्या रुपयात अमेरिकन डॉलर मुरलेला असू शकतो! कथा झकास, पण नाणं ढिगानं मिळतं.

१९११ चं उलटं. त्या साली पाडले सुमारे ९४ लाख रुपये, पण लोकांच्या हातात पडले जेमतेम ७ लाख. राजाच्या अंगरख्यावर मानचिन्हाची साखळी आहे आणि त्यात एक हत्ती. कोरणाऱ्यानं सोंड इतकी आखूड काढली की लोकांना तो डुक्कर वाटला. हिंदू-मुसलमान दोघेही बिथरले. सरकारनं वाटप थांबवलं, उरलेले रुपये वितळवले आणि १९१२ पासून हत्तीला नीट सोंड दिली. बाजारात याला ‘डुक्कर रुपया’ किंवा ‘पिग रुपी’ असंच म्हणतात. नाव मोठं असलं तरी बऱ्या अवस्थेतला नग काही हजारांत मिळतो. कमी पैशांत खरी की डेट हवी असेल तर माझं पहिलं मत यालाच.

कोल्हापूर स्टँडवर उतरून आधी टाऊन हॉलच्या संग्रहालयात गेले. घाई करून थेट गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, शिरू नका. तास-अर्धा तास इथे घालवा. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये उत्खनन झालं, त्यातल्या वस्तू इथे आहेत. पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाचा तो प्रसिद्ध छोटा कांस्यपुतळाही इथलाच. याच कोल्हापुरात दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुर राजांची, विळिवायकुर वगैरे नावांची, धनुष्यबाणाचं चित्र असलेली शिशाची आणि मिश्रधातूची नाणी सापडली. विकत घ्यायला नव्हे, डोळा तयार करायला जायचं. धातू दोन हजार वर्षांत कसा म्हातारा होतो हे एकदा बघितलं की दुकानातला कालचा ‘जुनेपणा’ ओळखू येतो. सोमवारी संग्रहालय बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा.

तिथून भाऊसिंगजी रोडनं चालत देवळाकडे. अंबाबाईचं दर्शन बाहेरूनच घेतलं, रांग मोठी होती.

देवळाच्या आसपास फडकं पसरून जुनी नाणी विकणारे दिसतात. रामदरबाराचे पितळी टंके, हनुमान छाप, ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ लिहिलेली देवदेवतांची नाणी. असली नाणी कंपनीनं कधी पाडलीच नाहीत. ती सगळी नंतर बनवलेली. तीन शिवराईसुद्धा होत्या, एकाच साच्यातून ओतलेल्या दिसणाऱ्या, तिन्हींवर ‘श्री राजा शिव’च्या ‘व’ला एकाच जागी टवका. मी भिंग काढलं तसा विकणारा म्हणाला, “ताई, शेतात घावल्यात, खोटं कशाला सांगू?” मला हसू आलं. खोटं असेल तर नाणं खोटं, आणि खरं असेल तर भानगड वेगळीच. १८७८ च्या निखात निधी कायद्यानं जमिनीत सापडलेला दहा रुपयांवरच्या किमतीचा ठेवा कलेक्टरला कळवावा लागतो. दोन्हीकडून आपण लांब राहिलेलं बरं.

गुजरीत मात्र मजा आली. सराफांकडे मोडीत आलेले रुपये असतात. ते नाणी म्हणून नाही, चांदी म्हणून बघतात, आणि तिथेच आपली संधी असते. पहिल्या दोन दुकानांत मान हलली. तिसऱ्यात गादीवर बसलेल्या आजोबांनी पितळी वाटी पुढे सरकवली. “बसा वहिनी. सांगलीच्या काय? बघा निवांत, च्या सांगतो.”

वाटीत चाळीसेक रुपये. राणीछाप, टकल्या एडवर्ड, बाकी सगळा पंचम जॉर्ज. १९११ चे दोन निघाले. पहिला आरशासारखा चकाकत होता. नवशिक्याचा हात तिकडेच जातो, माझाही गेला. भिंगाखाली राजाच्या गालावर बारीक समांतर ओरखडे, सगळे एकाच दिशेनं. चिंच, रांगोळी किंवा पॉलिशची पावडर यातलं काहीतरी लावून घासलेला. टांकसाळीची मूळ चकाकी नाणं तिरपं फिरवलं की फिरते, पॉलिशची चकाकी एका जागी थिजलेली असते. दुसरा काळपट, छान रापलेला. तो मी उभा धरून कड बघितली. बारा वाजता, म्हणजे राजाच्या मुकुटाच्या बरोबर वर, कडेचे दाते तीन मिलिमीटर बुजलेले. कधीकाळी कडी झाळून हा रुपया कुणाच्या तरी गळ्यात होता. नंतर कडी काढून जागा सफाईनं कानशीनं घासलेली. आपल्या भागात रुपयांच्या माळा घालायचे, त्यामुळे इथे हा प्रकार फार. पुढूनमागून बघून कळत नाही, कड बघायचीच.

आजोबांना वाटलं मला पसंत पडेना म्हणून त्यांनी गल्ल्यातून कागदाची पुडी काढली. “ह्यो बघा. एकोणचाळीसचा. ह्याला लाख लाख देत्यात लोक. तुम्हाला साडेपाच हजार.”

१९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया हा या सगळ्या मालिकेतला दुर्मिळांचा राजा. १९४० पासून रुपयातली चांदी ९१.७ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आली. त्याच्या आधीचं हे शेवटचं वर्ष. पर्समध्ये सहा हजार होते. क्षणभर छातीत धडधडलं हे कबूल करते. मग स्वतःला विचारलं: लाखाचं नाणं साडेपाच हजारांत गुजरीचा सराफ मला का देईल? भिंग लावलं. १९३९ मध्ये दोन ९ असतात, ही देवानं दिलेली सोय आहे. एकमेकांशी ताडून बघायचे. पहिल्या ९ चं पोट गोल, शेपूट सफाईदार. शेवटच्याचं शेपूट बारीक, आणि त्याच्या डाव्या अंगाला मैदान, म्हणजे नाण्याचा सपाट भाग, खरवडल्यासारखं. म्हणजे १९३८ च्या ८ चा डावा खालचा भाग कुणीतरी कोरून काढला होता. आजोबांनी फसवलं असं मी म्हणणार नाही. त्यांना कुणीतरी आधीच गंडवलं होतं. मी त्यांना भिंग दिलं. ते बराच वेळ बघत राहिले, मग पुडी परत बांधत म्हणाले, “चांदी हाय न्हवं, मोडीत घालू.” चहा मात्र छान होता.

सराफाकडे एक गोष्ट निक्षून सांगा: नाणं कसोटीवर घासायचं नाही. त्यांना सवय असते, हात आपोआप जातो. वजन पुरतं. रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे मूळचा एक तोळा. आताचा दहा ग्रॅमचा ‘तोळा’ धरून फसू नका. फिरून झिजलेला रुपया साडेअकराच्या आसपास भरला तर ठीक, अकराच्या खाली गेला तर ठेवून द्या. लोहचुंबकाला चिकटला तर खोटा, पण चिकटला नाही म्हणून खरा ठरत नाही. जर्मन सिल्व्हर हा चांदीसारखा दिसणारा मिश्रधातूही चिकटत नाही. आणि घासाघीस करण्याआधी एक गुणाकार करा. पूर्ण वजनाच्या रुपयात साधारण १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी, १९४० ते ४५ च्या रुपयात ५.८३. त्या दिवसाच्या भावानं तिची किंमत काढा. त्याखाली कुणी देणार नाही. त्यावर जे मोजाल ती त्या वर्षाची किंमत. चांदी चढली की नवखे लोक चांदीलाच दुर्मिळपणा समजतात.

दुपारी मिसळ. त्याबद्दल लिहायला बसले तर नाणं राहून जाईल.

संध्याकाळी शाहूपुरीत एका जुन्या संग्राहकांकडे जायचं ठरलं होतं. ओळखीतून फोन करून गेले होते. असंच जा, थेट दार वाजवू नका. काकांचं वय पंच्याहत्तरीच्या पुढे. जास्तीचे नग ते कमी करताहेत. त्यांनी १९११ चे तीन मांडले आणि काहीच बोलले नाहीत, परीक्षा घेतल्यासारखे. एक जवळजवळ कोरा, मागणी चौदा हजार. एक पार गुळगुळीत, अडीच हजार. मधला पाच हजार दोनशे.

चौदाचा माझ्या कुवतीबाहेर होता. अडीच हजारांच्या नाण्यावर डुक्कर शोधावा लागला, नुसता एक फुगवटा. ज्या खुणेसाठी नाणं घ्यायचं तीच पुसली असेल तर उरलं काय? मधला हातात घेतला. राजाच्या भुवईवर आणि मुकुटाच्या उंचवट्यावर झीज, पण अंगरख्याची नक्षी जिवंत. प्राण्याची पाठ, चार आखूड पाय, आणि ती बिचारी सोंड, नाकाएवढीच. मागे कमळाखाली बारीक उठावाचा ठिपका, म्हणजे मुंबई टांकसाळ. कलकत्त्याला ठिपका नसतो. राप सगळीकडे सारखा, अक्षरांच्या खोबणीत जास्त गडद, जसा असायला हवा. कड स्वच्छ. काटा ११.५८. “काका, चार हजार आठशे?” “पाच. आणि १९२२ चा विचार आज करू नकोस, माझ्याकडचा धुतलेला आहे.” हे ऐकून मी पाच हजार गुमान काढले. आपल्या मालाचा दोष आपणहून सांगणारा विक्रेता मिळाला की शंभर-दोनशेसाठी ताणू नये.

काकांनी हातानं पावती लिहिली: वर्ष, टांकसाळ, वजन, रक्कम, तारीख. पावती मागायला लाजू नका, पुढे विकताना तीच कामाला येते. नाणं साध्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका. पीव्हीसी असेल तर काही वर्षांत हिरवट चिकटा धरतो. पुठ्ठ्याचं खिडकीवालं पाकीट दहा-वीस रुपयांना मिळतं. आणि परदेशातल्या भाच्याला भेट पाठवायचा विचार असेल तर सोडा. १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावशेष ठरतात, देशाबाहेर नेता येत नाहीत.

काउंटरवर बसते म्हणून आणखी एक. वैष्णोदेवीच्या पाच रुपयांच्या नाण्याचे लाखो मिळतात का, असं विचारणारा एक तरी माणूस महिन्याला माझ्यापुढे येतो. ‘आधी कमिशन भरा, रिझर्व्ह बँकेची मंजुरी आहे’ असा फोन त्याला आलेला असतो. रिझर्व्ह बँक असल्या व्यवहारात नाही, असं तिनं स्वतः २०२१ मध्ये जाहीर केलंय. फोन ठेवून द्या.

शेवटच्या गाडीनं परतले. बायकांना एसटीत अर्धं तिकीट असल्यानं प्रवासखर्च हिशेबात धरण्याएवढाही नव्हता. हजार उरले, ते १९२२ च्या नावानं वेगळ्या पाकिटात.

घरी सासूबाईंना दाखवलं. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या पाटावर माझे रुपये त्याच मांडतात. डुक्कर म्हटल्यावर त्यांनी हातच मागे घेतला. “पाटावर नको हो तो.” मी भिंग दिलं. खिडकीशी जाऊन, चष्मा वर करून त्यांनी बराच वेळ निरखलं. “काहीतरीच तुमचं. हत्ती आहे हा, पिल्लू आहे. लक्ष्मीला हत्ती चालतो.” आणि तो रुपया त्यांनी आपल्या चांदीच्या डब्यात ठेवून दिला. पाकिटासकट परत कसा मागायचा ते अजून ठरलेलं नाही.