माळ्यावर खोली करायची तर आधी माती उतरवा

नागपुरातल्या महाल-इतवारीकडच्या जुन्या वाड्यांत कवेलूंखालचा माळा सागवानी असला की मिस्त्री छातीठोक सांगतो, ‘सागवान आहे, काही होत नाही.’ मोडण्यापुरतं ते बरेचदा खरंही असतं. घात होतो तो लाकूड लवण्याने.

समजा, कडी (माळ्याच्या फळ्या तोलणारं आडवं लाकूड) ७५ मिमी रुंद, १०० मिमी उंच आहे, आधारांतलं अंतर ३ मीटर आणि कड्या ४५० मिमीवर. राहत्या खोलीसाठी भारतीय मानकानुसार दर चौरस मीटरला २०० किलो भार धरतात. फळ्या आणि खालचं छत यांचे ५० किलो वेगळे. निरोगी सागाला एवढा ताण पेलतो, पण कडी मधोमध सुमारे २० मिमी लवते. लांबीच्या ३६० व्या भागाची मर्यादा धरली तर ८ मिमीच चालतात. मग खालच्या प्लास्टरला भेगा जातात आणि वर लावलेल्या टाइल्सचे सांधे सुटतात. तीच कडी १५० मिमी उंच असती तर लवणं ६ मिमीवर आलं असतं. रुंदी दुप्पट केली तर मात्र फक्त निम्मं होतं. म्हणून जुन्या कडीला फळी जोडायची असेल तर ती उभी आणि शक्यतो कडीपेक्षा उंच घ्या.

फळ्यांवर ४ इंच माती असेल तर तिचंच वजन चौरस मीटरला १७० किलोच्या आसपास भरतं, म्हणजे जवळपास राहत्या माणसांइतकं. ती उतरवून १८ मिमी प्लाय टाकला की काम १२ किलोंत होतं. उलट ५० मिमी काँक्रीट ओतलं तर १२० किलो परत चढले. जमीन छान दिसेल, पण मला हा सौदा कधीच पटलेला नाही. माती काढल्यावर खालच्या खोलीत पावलांचा आवाज वाढतो, तेवढं सोसावं लागेल.

कडीची भिंतीत गेलेली टोकं पेचकसाने टोचून पाहा. उधई आणि ओल तिथूनच सुरू होते, मधला भाग ठणठणीत असतो. कुजलेलं टोक कापून दोन्ही बाजूंनी लोखंडी चॅनल बोल्टने कसा आणि चॅनलचं टोक भिंतीत किमान १०० मिमी, दगडी पाट्यावर टेकवा. लाकडाभोवती सिमेंट गच्च भरू नका, ओल आतच कोंडते.

डोक्याला लागते म्हणून छपराची आडवी ताण-तुळई कापतात, ते तर करूच नका. ती वाशांचे पाय बांधून ठेवते. ती गेली की वासे पसरतात आणि भिंतीचा माथा बाहेर ढकलला जातो. उंची हवीच असेल तर वरची रचना इंजिनिअरकडून नव्याने आखून घ्या, आणि ती उभी राहीपर्यंत जुनी तुळई काढू नका.

जिन्याचं भोक कड्यांना समांतर काढा, म्हणजे एक-दोनच कड्या तुटतील. तुटलेल्यांचा भार शेजारच्या कड्यांवर जातो, म्हणून त्या दुहेरी करा.

भार शेवटी खांबातून तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडावर येतो. नागपुरात खाली काळी माती असली तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. खांब आधीच कलला असेल तर माळ्याचं काम नंतर, पाया आधी.

आणि डेझर्ट कूलर माळ्याच्या जमिनीवर नको. टाकीत शंभर लिटर पाणी म्हणजे एका जागी शंभर किलो, शिवाय गळणारं पाणी थेट फळ्यांत मुरतं. खिडकीबाहेर भिंतीत पक्क्या बसवलेल्या लोखंडी स्टँडवर ठेवा.