नाकाचं हाड आणि आत साकळलेलं रक्त

कबड्डीच्या सामन्यात मी डाव्या कोपऱ्यात खेळत होते. चढाई करणारीचा घोटा धरायला झेपावले आणि तिची टाच थेट नाकावर बसली. 'कट्' असा आवाज डोक्याच्या आतून ऐकू आला. घोळणा असा फुटला की जर्सी, मॅट सगळं लाल. कुणी म्हणालं मान वर कर, कुणी हुंगायला कांदा आणायला धावलं. मान वर केली तर रक्त घशात उतरून उलटी झाली. मग सरांनी बसवलं, पुढे वाकवलं आणि हाडाखालचा मऊ भाग चिमटीत धरायला लावला. पूर्ण दहा मिनिटं, मध्ये सोडून न बघता. रक्त थांबलं.

जवळच्या दवाखान्यात एक्स-रे काढला. हाड मोडलंय, सूज उतरली की बघू, पाच दिवसांनी या, एवढं सांगून गोळ्या दिल्या. यातलं काही चुकीचं नव्हतं. सुजेखाली नाक किती सरकलंय ते कळत नाही, आणि मोठ्या माणसाचं हाड साधारण दोन आठवड्यांच्या आत बसवता येतं. (लहान मुलांचं लवकर जुळतं, त्यांना इतकी सवड नसते.) पण माझ्या नाकाच्या आत कुणी डोकावलंच नव्हतं.

रात्री दोन्ही नाकपुड्या ठार बंद झाल्या. रक्त थांबलेलं, तरी ठणका वाढतच होता. आईला नाक वाकडं राहील याची धास्ती, मला श्वासाची. वहिनी नर्स आहे. सकाळी तिने मोबाइलचा टॉर्च मारला आणि म्हणाली, "दोन्हीकडे जांभळं फुगलंय. पाच दिवस थांबायचं नाही, आत्ता निघायचं."

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी आधी विचारलं, नाकातून पाण्यासारखं काही गळतंय का, दात नीट जुळतात का, एकाचं दोन दिसतं का. मग कापसाच्या काडीने तो फुगा दाबला. तो मऊ होता, दाबला जात होता. नाकाच्या मधल्या पडद्यात रक्त साकळलं होतं; याला सेप्टल हिमॅटोमा म्हणतात. पडद्याच्या कूर्चेला, म्हणजे आतल्या लवचिक, हाडापेक्षा मऊ भागाला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण वरच्या आवरणातून होतं. मध्ये रक्त साचलं की आवरण सुटतं, आणि एक-दोन दिवसांत कूर्चा मरायला लागते. पू झाला तर आणखी लवकर. मग नाक मधोमध खचतं.

तासाभरात जागा बधिर करून चीर दिली, रक्त काढलं, दोन्हीकडे पॅक भरलं. ते दोन दिवस सगळ्यांत वाईट. तोंडाने श्वास, ओठ फाटलेले, वरणभाताला चव नाही.

हाड मात्र खरंच थांबलं. आठव्या दिवशी भूल देऊन काही मिनिटांत बसवलं, वर आठवडाभर स्प्लिंट. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं, चष्मा नाकावर टेकवायचा नाही. सहा आठवडे मॅट बंद.

परवा सरावात एका मुलीच्या नाकावर गुडघा बसला. रक्त थांबल्यावर मी टॉर्च मारला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या घरी जाऊन परत मारला. पडदा दोन्ही वेळा सपाट होता. तरी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले.