दारं-खिडक्यांपासून सागवानी ओट्यापर्यंत : आमची वाटचाल

आमचा कारखाना मूळचा चौकटींचा. वडील पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून साग आणायचे, मध्ये पट्ट्या घालून शेडमध्ये थप्पी लावायचे आणि लाकूड नीट वाळल्याशिवाय रंध्याला हात लावू द्यायचे नाहीत. पुढे सरकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या आल्या, मग यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या. चौकटींचं काम आटत गेलं. हातात कसब होतं, मशिनं होती, आणि बनवायला काही उरलं नव्हतं.

त्याच काळात पेठांमधले वाडे उतरवले जात होते. तुळया, खांब, पाट या सगळ्याचे ट्रक भरून निघत आणि बरंचसं लाकूड मिळेल त्या भावाला विकलं जाई. शंभर वर्षं छपराखाली वाळलेला साग! तो पाहून जीव हळहळायचा. जर्मनीहून परतलेल्या एका कुटुंबानं स्वयंपाकघरासाठी तिकडच्यासारखा लाकडी ओटा करून मागितला, तेव्हा आम्ही अशाच एका तुळईच्या पट्ट्या काढल्या. तिथून आमचं काम बदललं.

लाकूड आम्ही आजही स्वतः जाऊन घेतो. वाड्याची तुळई बाहेरून काळी, मळकट असते. टोकाकडून एक काप घेतल्याशिवाय आतलं कळत नाही. वाळवी शिरली आहे का, चीर किती खोल गेली आहे, कडेचा पांढरा भाग किती आहे, हे पाहायचं. तो पांढरा भाग आम्ही ओट्यात अजिबात घेत नाही, कारण कीड आधी तिथेच लागते. मग खिळे. मेटल डिटेक्टर फिरवून एकेक खिळा काढावा लागतो, नाहीतर करवतीचं पातं गेलंच म्हणून समजा. खिळ्याभोवती लाकूड काळं पडलेलं असतं. लोखंड, ओल आणि लाकडातलं टॅनिन हे नैसर्गिक द्रव्य एकत्र आलं की हा काळा रंग उतरतो. वापरता येईल असं लाकूड शेवटी निम्म्याच्या आसपास निघतं.

नवा साग घेतो तो बल्लारशाकडचा, बाजारात ज्याला सीपी (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस) टीक म्हणतात तो. म्यानमारनं 1 एप्रिल 2014 पासून अख्ख्या ओंडक्यांची निर्यात बंद केली. त्यानंतर 'बर्मा' म्हणून जे दाखवलं जातं, त्याबद्दल दहा प्रश्न विचारल्याशिवाय आम्ही घनफुटाचा भाव बोलत नाही. बिल आणि वनखात्याचा वाहतूक परवाना हातात हवा. नाव कुठलंही असो, लाकडातली ओल मोजणाऱ्या मॉइश्चर मीटरवर 12 टक्क्यांच्या वर आकडा दिसला की ते लाकूड थप्पीत परत जातं.

याचं कारण एकच : लाकूड हलतं. लांबीत जवळपास नाही, पण रुंदीत नक्की. पुण्यात मे महिन्यात कोरडा झालेला 600 मिलिमीटर रुंदीचा ओटा कोकणात जुलैचा दमटपणा प्यायला की चार ते सहा मिलिमीटर सहज फुगतो. ते कुठल्याही स्क्रूनं थांबत नाही. जबरदस्तीनं आवळून धरलं तर फळी चिरते नाहीतर कपाट वाकवते. म्हणून ओटा खालून धरणाऱ्या पट्टीला आम्ही स्क्रूसाठी लांबट भोकं पाडतो आणि भिंतीकडे थोडी फट ठेवून ती टाइल्सखाली झाकतो. लाकडाला हलायला जागा द्यायची, बास.

सांध्यांचं काम आमचे मिस्त्री बघतात, आणि त्यात ते कुणाचं ऐकत नाहीत. साठ-सत्तर मिलिमीटरच्या पट्ट्या, कडा रंधून त्याच दिवशी चिकटवायच्या. साग तेलकट असतो, त्यामुळे कड आधी थिनरनं पुसून कोरडी करायची आणि मगच वॉटरप्रूफ गोंद लावायचा. क्लॅम्प एक वरून, एक खालून असे आलटून पालटून लावले की फळी सपाट राहते. आवळताना सांध्यावर गोंदाचे बारीक मणी एकसारखे फुटले की मिस्त्री हात थांबवतात. त्यापुढे आवळलं तर सगळा गोंद बाहेर येतो आणि सांधा उपाशी राहतो.

एल आकाराच्या ओट्याचा कोपरा हा खरा कस. चित्रात 45 अंशांचा तिरका सांधा देखणा दिसतो, म्हणून पुष्कळ जण तो मागतात. आम्ही करत नाही. लाकूड रुंदीतच कमी-जास्त होतं, त्यामुळे असा सांधा उन्हाळ्यात आतल्या टोकाला उघडतो आणि पावसाळ्यात बाहेरच्या. आम्ही सरळ सांधा घेतो : एका फळीचं टोक दुसरीच्या कडेला, मध्ये सिलिकॉन, खालून बोल्ट. तिथे गोंद नाही, कारण एक बाजू हलणारी आणि दुसरी जवळपास न हलणारी. जुन्या इमारतीत भिंती गुण्यात, म्हणजे काटकोनात, कधीच नसतात, म्हणून या सांध्याचा शेवटचा काप जागेवर माप घेऊनच होतो.

आणि तेल. वरची बाजू सगळेच चकचकीत करतात. आम्ही खालची बाजूही तितक्याच थरांनी भरतो. एकाच बाजूनं दमट हवा प्यायलेली फळी द्रोणासारखी वळते. सिंकसाठी कापलेल्या भोकाच्या उभ्या कडा सगळ्यांत जास्त तेल पितात. ते जिरायचं थांबेपर्यंत देत राहायचं, आणि पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेलं पुसून काढायचं. रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड जवस तेल स्वयंपाकाच्या ओट्याला आम्ही वापरत नाही. त्यात ते लवकर सुकावं म्हणून धातूंची संयुगं घातलेली असतात. अन्नाला चालेल असं लिहिलेलं हार्डवॅक्स तेलच (तेल आणि मेणाचं मिश्रण) घेतो. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत. सुकताना तेल तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. आमच्याकडे फडकं थेट पाण्याच्या बादलीत जातं, नव्या पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवतो.

घरी माप घ्यायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला : "पण हळद सांडली तर?"

"सांडू द्या, काकू. लगेच पुसा. डाग राहिलाच तर त्यावर ऊन येऊ द्या, हळदीचा रंग उन्हात उडतो."

ओला लोखंडी तवा मात्र ओट्यावर ठेवू नका, हे आम्ही दोनदा सांगतो. तो काळा डाग उन्हानं जात नाही, लाकूड घासावं लागतं. कुकर उतरवायला लाकडी आडणी हवी. आणि जिथे दिवसभर भांडी घासली जातात, तिथे आम्ही स्वतःच ग्रॅनाइट सुचवतो. कडाप्पा, ग्रॅनाइट ही आपल्या स्वयंपाकघराची पाण्याची जागा उत्तम सांभाळतात. कणीक मळायला, भाजी चिरायला, चहाचा कप घेऊन टेकायला लाकूड. अशा अर्ध्या-अर्ध्या ओट्यांचं कामच आता आमच्याकडे जास्त असतं.

प्रत्येक ओट्याबरोबर तेलाची एक छोटी बाटली आणि फडकं देतो. पहिला महिना आठवड्यातून एकदा हात, नंतर तीन-चार महिन्यांनी. तारीख लक्षात ठेवायची गरज नाही : ओट्यावर पाण्याचे थेंब टाका, गोल उभे राहिले तर ठीक, पसरले तर बाटली काढा. कोकणातल्या ऑर्डरी आम्ही पावसाळ्याचा दमटपणा ओसरल्यावर, दिवाळीनंतरच बसवतो. कुणाला घाई असेल तर फळ्या आठ-दहा दिवस आधी त्यांच्याच घरात, पट्ट्या घालून थप्पीत ठेवायला पाठवतो, म्हणजे लाकूड तिथल्या हवेला सरावतं.