प्रार्थनेला विषय उरले नाहीत

बेळगावात आमच्या एरियात दर शुक्रवारी संध्याकाळी चर्चच्या लोकांपैकी कुणाच्या तरी घरी कॉटेज मिटींग, म्हणजे घरगुती प्रार्थनासभा असते. गीत होतं, शास्त्रपाठ होतो, आणि मग चालवणारे विचारतात, प्रार्थनेचे विषय सांगा. माझ्या लहानपणी इथं वेळ पुरायचा नाही. कुणाच्या फीचं जमत नाही, कुणाच्या नवऱ्याची रोजंदारी बंद झाली, कुणाचं बाळंतपण अवघड आहे, कुणाला घरमालकानं खोली खाली करायला सांगितलंय, आणि सांगता सांगता बायका रडायच्या आणि शेजारची बाई तिथंच तिचा हात धरायची. आता विषय विचारले की सगळे खाली बघत बसतात, मग कुणीतरी म्हणतं सगळं बरं चाललंय, उपकारस्तुतीच करूया. फार तर एखाद्याच्या मुलीचा कॅनडाचा व्हिसा असतो. मग पाच मिनिटांत प्रार्थना उरकते आणि केक, समोसा, कोल्ड्रिंक.

हे ऐकून मला आनंद व्हायला पाहिजे आणि थोडा होतोही, खरं त्याहून जास्त भीती वाटते. कारण गरजा संपलेल्या नाहीत हो. त्याच हॉलमध्ये बसलेल्या कुणाचा मुलगा पितोय, कुणाची सून माहेरी जाऊन बसलीय, कुणाला रात्र रात्र झोप नाही, आणि हे अर्ध्या लोकांना माहीत असतंय. पण इतक्या छान घरात, नव्या सोफ्यावर बसून हे बोलायचं कसं, लोक काय म्हणतील. पत्र्याच्या घरात रडायला लाज वाटत नव्हती, मार्बलच्या घरात वाटते. सुखसोयींचा धोका मला सगळ्यात आधी इथं दिसतो. पैसा माणसाला चैनीकडं, दारूकडं नेतो वगैरे आपण प्रवचनात ऐकतो, ते खरंच आहे, पण आमच्यासारख्या सरळमार्गी, दर रविवारी वेळेवर येणाऱ्या, दशांश म्हणजे कमाईचा दहावा भाग चर्चला देणाऱ्या लोकांचं तसं काही होत नाही. आमचं होतं ते एवढंच की आम्हाला कुणाची गरज उरत नाही, आधी शेजाऱ्याची उरत नाही आणि मग हळूहळू देवाचीही उरत नाही, आणि गीतं मात्र तीच चालू राहतात.

बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायात, लावदिकीया गावच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, लिहिलेलं पत्र आहे ना, ते मी अलीकडं पुन्हा पुन्हा वाचते. हे गाव आजच्या तुर्कस्तानात, देनिझ्लीजवळ, त्याचे अवशेष आजही आहेत. पैशांच्या देवघेवीचं गाव, काळ्या लोकरीसाठी नावाजलेलं. इ.स. 60 च्या सुमाराला तिथं मोठा भूकंप झाला, आणि टॅसिटस नावाच्या रोमन इतिहासकारानं लिहून ठेवलंय की रोमकडून काही मदत न घेता त्या लोकांनी स्वतःच्या बळावर गाव पुन्हा उभं केलं. वाचताना वाटतं, किती कौतुकाची गोष्ट! पण त्याच गावातल्या मंडळीला प्रभू म्हणतो की तू म्हणतोस मी श्रीमंत आहे, मला कशाची गरज नाही, आणि तुला हे कळत नाही की तू कंगाल आहेस, आंधळा आहेस, उघडा आहेस. त्या मंडळीवर मूर्तिपूजेचा किंवा व्यभिचाराचा आरोप त्या पत्रात कुठंच नाही. इतर मंडळ्यांवर आहे. हिच्यावर एवढाच, की हिला काही नको होतं. आणि प्रभू कुठं उभा आहे, तर दाराबाहेर, दार ठोकत. हे वचन आपण अविश्वासी लोकांना सुवार्ता सांगताना वापरतो, पण ते लिहिलंय चर्चला.

आता आम्ही या सुखाला पोचलो कसे, ते बघितल्याशिवाय पुढं बोलणं बरोबर नाही. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे लोक 1820 ला आले, पुढं 1904 मध्ये काम अमेरिकन मेथडिस्टांकडं गेलं. शाळा निघाल्या, बोर्डिंग निघाली. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानत होते अशा घरांतली पोरं पाटीवर लिहायला लागली. आमच्या लोकांत कुणी शिक्षक झालं, कुणी नर्स, कुणी रेल्वेत, कुणी मिलिटरीत, त्यांची मुलं इंजिनिअर झाली, काही गल्फला गेली, काही बेंगळूर-पुण्याला. दारू सुटली, सट्टा सुटला, मुलं शिकली, पैसा साठला. हे शुभवर्तमानाचंच फळ आहे, ते मी कधी नाकारणार नाही.

खरं याच फळाची भीती मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लींना वाटत होती. 1786 साली, वयाच्या 83 व्या वर्षी त्यांनी लिहिलं की मला मेथडिस्ट संपतील याची भीती नाही, भीती याची आहे की आतला जीव निघून जाऊन नुसता सांगाडा उरेल. आणि कारणही त्यांनी सरळ मांडलंय: खरा धर्म माणसाला कष्टाळू आणि काटकसरी करतो, कष्ट आणि काटकसर यांनी पैसा येतोच, आणि पैसा वाढला की गर्व, राग, जगाची आवड वाढते आणि धर्म त्या प्रमाणात घटतो. म्हणजे भक्तीच्या पोटातूनच भक्तीचा शत्रू जन्माला येतो. यावर त्यांना एकच उपाय दिसला, जितकं मिळवता आणि वाचवता तितकंच देऊन टाका. आणि हे त्यांनी दुसऱ्यांना सांगून सोडलं नाही. एका प्रवचनात ते ऑक्सफर्डच्या एका तरुणाचा हिशोब सांगतात (हा तरुण म्हणजे ते स्वतःच, असं मानतात). त्याला वर्षाला 30 पौंड मिळायचे, तो 28 वर भागवायचा आणि 2 द्यायचा. दुसऱ्या वर्षी 60 मिळाले, तरी खर्च 28, दान 32. मग 90, खर्च 28. मग 120, खर्च 28 च, आणि 92 दान. पुढं 1776 मध्ये सरकारी कर खात्यानं त्यांना विचारलं की तुमच्याकडं चांदीची भांडी असणारच, ती जाहीर का करत नाही, तेव्हा त्यांनी कळवलं की माझ्याकडं दोन चांदीचे चमचे लंडनला आहेत आणि दोन ब्रिस्टलला, आणि माझ्या आजूबाजूला इतक्यांना भाकर मिळत नसताना आणखी घेणार नाही.

आमचं उलटं असतंय. पगार वाढला की खर्च त्याच्या मागं पळत जातो, आणि दशांश दिला की उरलेले नऊ भाग आमच्या मालकीचे, त्यात देवानंही बघायचं नाही. नवीन गाडी आली की पुढच्या रविवारी साक्ष, प्रभूनं आशीर्वाद दिला म्हणून. द्यावी साक्ष, काही चूक नाही. पण गाडी विकून कुणाच्या तरी डायलिसिसचा खर्च भागवला, अशी साक्ष ऐकायला मिळेल तेव्हा मला जास्त बरं वाटेल, कारण आशीर्वाद येताना दिसतो तसा तो आपल्या हातातून पुढं जातानाही दिसायला पाहिजे.

इथं एक गोष्ट ठासून सांगते. गरिबी पवित्र आहे असं मी अजिबात म्हणत नाही, ते म्हणणारे बहुतेक पोटभर जेवलेले असतात. आमच्या आज्जीनं दोन मैलांवरून पाणी आणलंय, नदीवर वाकून वाकून लोकांचे कपडे धुतलेत, तिची कंबर शेवटपर्यंत सरळ झाली नाही. तिच्या लेकीच्या घरी वॉशिंग मशीन आलं तर तो देवाचाच उपकार. पवित्र शास्त्रही तेच सांगतंय, नीतिसूत्रांच्या तिसाव्या अध्यायात आगूर मागतो की मला दारिद्र्यही देऊ नको आणि श्रीमंतीही देऊ नको, पोटापुरतं दे, कारण जास्त झालं तर मी म्हणेन परमेश्वर कोण, आणि कमी पडलं तर चोरी करेन. दोन्हीकडं खड्डा आहे. फक्त गरिबीचा खड्डा पडणाऱ्याला कळतो, दुसऱ्यात पडलेल्याला वाटतं आपण गादीवर झोपलोय.

मला हे सगळं सगळ्यात जास्त कशात दिसतं सांगू, पाहुण्यांत. आमचं जुनं घर कॅम्पाच्या बाजूला होतं, दोन खोल्या आणि मागं न्हाणी. खानापूरकडचे, चंदगडकडचे नातेवाईक, आणि नात्यात नसलेले पण चर्चच्या ओळखीचे लोकही, पेशंट घेऊन बेळगावला आले की उतरायचे आमच्याकडंच. रात्री जेवणं झाली की चटया पडायच्या, त्यावर वाकळी, आणि हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. सकाळी बंब पेटवून आंघोळीची रांग, आई एका हातानं उप्पीट हलवत दुसऱ्या हातानं वॉर्डात न्यायचा डबा भरायची. कुणी पंधरा दिवस राहायचं, कुणी महिना. आईची चिडचिड व्हायची, साखर संपायची, भांडणंही व्हायची. पण रात्री झोपायच्या आधी सगळे गोल बसून प्रार्थना करायचे आणि तेव्हा वॉर्डातल्या त्या माणसाचं नाव घ्यायचे, त्याला आज ताप उतरला का, त्याचं ऑपरेशन उद्या आहे का, सगळं आम्हा पोरांना पाठ. शुक्रवारी मिटींगला हेच विषय. म्हणजे विषय काही आभाळातनं पडत नव्हते, ते आमच्या हॉलमध्ये झोपलेले असायचे.

आता आमच्या लोकांची वरखाली बांधलेली घरं झाली. वर गेस्ट रूम, अटॅच बाथरूम, गीझर, गादीवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नाही. आणि गावाकडचे लोक फोन करून सांगतात, आम्ही हॉस्पिटलजवळ लॉज बघितलंय, तुम्हाला कशाला त्रास. ते विचारतच नाहीत. त्यांना आमची टाइल्स बघून भीती वाटते, आणि आम्हीही एकदा म्हणतो, अहो यायचं की घरी, आणि सुटलो म्हणून फोन ठेवतो. दोन खोल्यांत दहा माणसं मावत होती आणि पाच खोल्यांत एक मावत नाही.

लूकच्या शुभवर्तमानात सोळाव्या अध्यायातल्या गोष्टीत श्रीमंतानं लाजर नावाच्या भिकाऱ्याला मारलं नाही, हाकललं नाही, शिवीही दिली नाही. लाजर दाराशी होता आणि श्रीमंत आत रोज जेवत होता, एवढंच. यहेज्केल 16:49 मध्ये सदोमेचा, देवानं नाश केलेल्या त्या शहराचा, दोष सांगितलाय तो वाचा, लोकांना वाटतं तो नाही: गर्व, पोटभर अन्न, निश्चिंत सुख, आणि गरिबाच्या हाताला आधार दिला नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते आमच्या कॉलनीचंच वर्णन वाटलं होतं मला.

कोरोनात चर्च बंद होती तेव्हा मोबाइलवरची उपासना खरंच आधार होती, म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना आजही आहे. पण धडधाकट माणसं अजून रविवारी सोफ्यावर चहा पीत उपासना बघतात आणि प्रवचन लांबलं की पुढं ढकलतात, हे मला पटत नाही. चर्चमध्ये शेजारी कोण बसावं हे आपल्या हातात नसतं. खोकणारा बसतो, सूर चुकवणारा बसतो, ज्याच्याशी बोलणं बंद आहे तोही बसतो. ती अडचण पाहिजेच, प्रभूनं मंडळी तशीच बनवलीय.

आणि मन मेलेलं नाही हेही मी बघितलंय. 2019 च्या ऑगस्टमध्ये आपल्या जिल्ह्यात पूर आला, घरं पडली, तेव्हा हेच लोक रात्रभर चपात्या लाटत होते, वरच्या खोल्यांची कुलपं निघाली होती. पाणी उतरलं आणि कुलपं परत लागली.

ना. वा. टिळकांची गीतं आपण गातो. त्यांनी 1917 मध्ये मिशनचा ठरलेला पगार सोडला, ख्रिस्ती संन्यासी म्हणून राहायचं ठरवलं आणि साताऱ्यात देवाचा दरबार नावाचा ख्रिस्तभक्तांचा बंधुसमाज उभा करायला घेतला, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, जेव्हा माणूस पेन्शनचा हिशोब करत असतो. 1919 मध्ये ते गेले. सगळ्यांना ते जमणार नाही आणि सगळ्यांना तसं बोलावणंही नाही, मुलाबाळांच्या जबाबदाऱ्या असतात. म्हणून मला दुसऱ्या राजांच्या चौथ्या अध्यायातली शूनेमची बाई जवळची वाटते. ती श्रीमंतच होती आणि श्रीमंतच राहिली. तिनं नवऱ्याला सांगून गच्चीवर एक खोली बांधून घेतली, आणि त्यात काय ठेवलं तेही लिहिलंय, एक पलंग, एक मेज, एक खुर्ची, एक दिवा, जाता-येता अलीशा संदेष्ट्याला उतरायला. तुला काय हवंय विचारलं तर म्हणाली, मी माझ्या लोकांत राहते. तिला काही मागायचं नव्हतं, आमच्यासारखंच. फरक तेवढा खोलीचा. आणि पुढं तिचं मूल गेलं तेव्हा कुणाकडं धावायचं हे तिला त्या खोलीमुळंच माहीत होतं.

आज्जी भात रांधायच्या आधी एक मूठ तांदूळ बाजूच्या डब्यात टाकायची, देवाचा वाटा म्हणून. मिझोरामच्या मंडळ्यांत बायका आजही असंच करतात, बुहफाई थाम म्हणतात त्याला, आणि त्या मुठींवर तिकडं मोठमोठी सेवाकार्यं चालतात. श्रीमंतीची वाट न बघता रोज, दर जेवणाला. मी आमच्या घरी तो डबा परत सुरू केलाय, आणि खर्चाचा एक आकडा ठरवलाय, त्याच्या वर पगार गेला तरी खर्च जाणार नाही. नवरा आधी कुरकुरला, आता तोच हिशोब ठेवतो.

आणि मिटींगमध्ये मी बोलले की ज्यांच्या वरच्या खोल्या रिकाम्या आहेत त्यांनी हॉस्पिटलला येणाऱ्या गावाकडच्या लोकांसाठी त्या द्याव्यात. बराच वेळ चर्चा झाली, किल्ली कुणाकडं, गॅस वापरू द्यायचा का, अनोळखी माणूस निघाला तर काय, रात्री गेट कोण उघडणार. हे प्रश्न खोटे नाहीत. शेवटी तीन घरं तयार झाली, खोलीत येणाऱ्याला पाळकसाहेबांची चिठ्ठी लागेल, आणि डब्याची पाळी बायकांनी वाटून घेतलीय, सोमवार-मंगळवार माझा. खानापूर, नंदगड, चंदगडकडच्या मंडळ्यांत हे कळवायचं काम अजून बाकी आहे, तिकडं कुणी ओळखीचं असेल तर तुमच्या पाळकांना सांगा, म्हणजे ते आमच्या पाळकसाहेबांशी बोलून घेतील.