बीजेची ओहोटी आणि तापीचा गाळ

आठवडे बाजारात सुकटवाल्यांच्या रांगेत मिळणारा जवळा आणि बोंबील ज्या पाण्यात वाढतात, त्याच पाण्यात आपली तापी डुमसजवळ जाऊन मिळते. गिरणा, वाघूर, बोरी, पांझरा, अनेर, गोमाई, सगळ्यांचं पाणी शेवटी तिकडेच जातं. खान्देशात घरोघरी सुरतेचे नातेवाईक आहेत, सुट्टीत डुमसला चक्करही होते. पण बहुतेक जण भजी खाऊन आणि गढूळ पाणी पाहून परततात. त्या गढूळपणातच सगळी गंमत आहे.

गुजरात आणि उत्तर महाराष्ट्रासमोर समुद्राचा तळ फार हळू उतरत जातो. दोनशे मीटर खोली गाठायला इथे तीनशे किलोमीटरच्या आसपास आत जावं लागतं. भरतीचं पाणी या उथळ तळावरून घासत येतं आणि गाळ उचलतं. उकाई धरण 1972 मध्ये पूर्ण झाल्यापासून तापीचा बराच गाळ तिथेच अडतो, तरी नर्मदा-महीचा गाळ आणि खंभातच्या आखातात आधीचा साचलेला गाळ रोज ढवळला जातोच. उजेड खोल जात नाही, म्हणून इथे प्रवाळ नाहीत. ते पाहायचे तर कच्छच्या आखातात, जामनगरजवळ नरारा-पिरोटनला जावं. मात्र गाळाच्या कणांना चिकटलेलं कुजकं आणि त्यावरचे जिवाणू हे जवळ्याचं खाद्य, आणि जवळा हे बोंबलाचं. दोघेही इथे भरपूर सापडतात ते यामुळेच.

ते पकडण्याची डोल म्हणजे शंकूसारखं लांब जाळं. तोंड प्रवाहासमोर करून ते खुंटांना बांधून ठेवतात. मासे आणून भरण्याचं काम प्रवाहच करतो. प्रवाह थांबला की उलटायच्या आत जाळं उचलावं लागतं, नाहीतर आत आलेला माल बाहेर वाहून जातो. उधाणाला (पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला) प्रवाह जोरात, म्हणून मासळी जास्त; भांगेला (अष्टमी-नवमीच्या लहान भरतीला) कमी. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्यामुळे पावसाळ्यात मिळते ती सुकट आधीची असते. जवळा बहुधा मिठाशिवाय वाळवतात, म्हणून दमट हवेत त्याला लगेच बुरशी धरते. आणल्यावर एक कडक ऊन द्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. बरेचदा तो जमिनीवर पसरून वाळवलेला असल्याने रेती येते: कोरडा भाजा, हाताने चोळा, चाळा, मग दोनदा गरम पाण्यातून काढा. भाजण्याआधी धुतला तर रेती पायांत, मिशांत अडकून बसते.

किनाऱ्यावरचा जीव पाहायचा असेल तर वेळ तिथीवरून काढा. मुंबई-कोकणासाठी जुना हिशोब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. बीजेला 2 × ¾ म्हणजे दीड वाजता भरती, पावणेआठच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येनंतर एकदोन दिवस उधाण टिकतं, म्हणून बीज उत्तम: पाणी खूप मागे जातं आणि वेळही सकाळची. अष्टमी-नवमीला भांग असते, पाणी फारसं हटत नाही. उत्तरेला जाल तशी भरती उशिरा येते, तेव्हा सुरतेकडे हा हिशोब चालत नाही. तिथलं भरतीचं कोष्टकच पाहा. चढउतारही वाढतो: मुंबईला उधाणात साधारण चार मीटर, भावनगरला दहाच्या आसपास. खंभातचं आखात आत निमुळतं आणि उथळ होत जातं, त्यात पाणी कोंबलं जातं.

ओहोटीला चिखलावर आधी निवट्या दिसतील. हा मासा ओल्या कातडीतून श्वास घेतो, पुढच्या परांवर सरकतो आणि सावली पडताच बिळात जातो. त्यामुळे सूर्य समोर ठेवून दहा मिनिटं स्थिर बसा. एक नांगी भलीमोठी असलेला छोटा खेकडा दिसला तर तो नर. काडीने चिखल उकरा: वरचा पातळ थर तपकिरी, खाली काळा, कुजक्या अंड्याच्या वासाचा. खाली प्राणवायू नाही. तिथले जिवाणू पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि हा वास येणारा वायू सोडतात. म्हणूनच इथले किडे-खेकडे बिळात पाणी खेळतं ठेवतात आणि तिवराची (खारफुटीच्या झाडाची) मुळं चिखलातून वर येतात.

धोका नीट समजून घ्या. भरतीच्या तिसऱ्या-चौथ्या तासात पाणी सर्वांत वेगाने चढतं. सहा मीटरची भरती असेल तर त्या एकेका तासात दीड मीटर. हजार मीटरला एक मीटर उतार असलेल्या चिखलावर तेच पाणी तासात दीड किलोमीटर पुढे येतं, आणि आधी भरतात त्या तुमच्या पाठीमागच्या खाचा. ओहोटीच्या वेळेआधी तासभर उतरा आणि ओहोटीची वेळ झाली की परत फिरा. पाय रुतला तर ओढू नका, दुसरा पाय आणखी खाली जातो. मागे रेलून बसा, वजन पसरवा, पाय हळूहळू हलवत चिखल सैल करा आणि मग काढा.