साडेसत्त्याहत्तरावा रोग

बल्गेरियातल्या खेड्यांत माणसाला होणारे रोग मोजून ठेवले आहेत. साडेसत्त्याहत्तर. त्यातल्या 77 रोगांना नाव आहे आणि प्रत्येकावर एकेक वनस्पती आहे. उरलेला अर्धा रोग बिननावाचा, आणि त्याच्यावर अर्धी वनस्पती. हे सगळं एकाच दिवशी गोळा करायचं: 24 जूनला, एन्योव्हदेन या सणाच्या पहाटे, सूर्य उगवायच्या आत आणि पानांवर दव असताना.

मराठी माणसाला या अर्ध्याचं नवल वाटायला नको. आपले मुहूर्त साडेतीन, देवीची पीठं साडेतीन, पेशवाईतले शहाणेही साडेतीन, आणि शनी मागे लागला की साडेसात वर्षं. शहाण्यांतला अर्धा म्हणजे नाना फडणवीस. ते तलवारीचे गडी नव्हते म्हणून अर्धे, पण बाकीच्या तिघांची नावं आज किती जणांना सांगता येतील? तेव्हा बल्गेरियातल्या त्या अर्ध्या रोपाला कमी लेखण्याचं कारण नाही.

एन्योव्हदेन हा तसा बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा जन्मदिवस. पण लोकांच्या मनात तो सूर्याचा सण आहे. रोमन लोक वर्षातला मोठा दिवस 24 जूनच्या सुमारास धरत. खरा मोठा दिवस आता 21 जूनच्या आसपास येतो, सण मात्र जिथल्या तिथे राहिला. आपणही उत्तरायण डिसेंबरात सुरू झाल्यावर चांगले तीनेक आठवडे थांबून मग तिळगूळ वाटतोच. दोन्हीकडची कारणं वेगळी, चिकाटी सारखीच. त्या पहाटे उगवता सूर्य नाचतो म्हणतात, आणि एन्यो, म्हणजे लोकांच्या तोंडचा हाच योहान, मेंढीच्या कातड्याचा कोट चढवून बर्फ आणायला निघतो. ऐन जूनमध्ये! पण हिशोब चोख आहे: उद्यापासून दिवस लहान होत जाणार, तर थंडीच्या तयारीला आजच लागलेलं बरं.

बायका पहाटे माळावर जातात. रानथाइम, यॅरो, याच सणाचं नाव मिळालेलं पिवळ्या बारीक फुलांचं एन्योव्हचे, आणि कांतारिओन, म्हणजे औषधांच्या दुकानात सेंट जॉन्स वर्ट या नावाने मिळतं ते. त्यांच्या जुड्या बांधतात आणि एक मोठा हार करतात, माणूस आरपार जाईल एवढा. घरातल्या सगळ्यांनी त्यातून पलीकडे जायचं, की वर्षभराच्या आरोग्याची सोय झाली. पुढे तो हार घरात टांगून ठेवतात आणि कुणी आजारी पडलं की लागेल ती काडी त्यातून काढून घेतात. औषधांचं कपाट आधी अंगावरून उतरवून मग भिंतीला लावायचं, ही कल्पना मला फार आवडते.

दवाबद्दल मात्र शंका आहे. वनौषधींच्या धंद्यातला कुणीही सांगेल की दव उडाल्यावर तोडा, ओला पाला वाळवायला घातला तर बुरशी धरतो. जूनचं म्हणणं मात्र पटण्यासारखं आहे. यातल्या बऱ्याच वनस्पती तेव्हा भर फुलावर असतात आणि सुगंधी वनस्पतींत त्या सुमाराला तेल भरपूर असतं. कांतारिओनचं तर बघण्यासारखं आहे. फूल पिवळंजर्द, पण पाकळीच्या कडेचे काळे ठिपके चिरडले की बोटं लाल होतात. ही फुलं तेलात बुडवून बरणी काही आठवडे उन्हात ठेवतात, तेल माणकासारखं लाल होतं आणि भाजल्या-कापल्यावर लावतात. हेच झाड पोटात घेतलं तर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांचा आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी करतं. झाडपाला आहे, काय होणार आहे, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आपल्याकडे उन्हाळा म्हणजे वैशाख, आणि वैशाखात माळावर शोधायचं काय? सगळं करपलेलं. चरकसंहितेतसुद्धा ग्रीष्मात मुळं खणावीत असं आहे, कोवळ्या फांद्या-पानांसाठी पावसाळा आणि वसंत, आणि साल, कंद व चीक यांच्यासाठी शरद. गोळा करणाऱ्याने स्वच्छ व्हावं आणि पांढरी वस्त्रं नेसावीत, हेही सांगितलंय. आपलं एन्योव्हदेन म्हणूनच भाद्रपदात येतं. गणपतीच्या 21 पत्री म्हणजे दुसरं काय? आघाडा, माका, शमी, डोरली, बेल, दूर्वा. एरवी ज्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही अशी बांधावरची मंडळी त्या एका दिवशी चांदीच्या ताटात जाऊन बसतात. एकेकाळी ती आणायला रान तुडवावं लागे आणि त्या निमित्ताने पोरांना पाला ओळखता येई. आता बाजारात रबर लावलेली जुडी मिळते. मी एकदा विचारलं, मावशी, यातली डोरली कुठली? त्या म्हणाल्या, ‘‘घ्या हो दादा, देवाला सगळं कळतं.’’ जुडीत निम्मा तरी अशोकाचा पाला होता.

पण माझं मन पुन्हा त्या अर्ध्या रोगाकडे जातं. 77 रोगांची यादी कुणीही करेल, वैद्यांचा तो पेशाच आहे. यादी संपल्यावर खाली एक जागा रिकामी सोडायची आणि तिच्यासाठीही रानात जायचं, हे सुचायला मोठा अनुभव लागतो. कारण तो रोग सगळ्यांना होतो. जीव कशात लागत नाही, तोंडाला चव नाही, झोप लागते पण उठल्यावर झोपल्यासारखं वाटत नाही. रक्त-लघवी तपासून घ्यावी तर कागदावर सगळे आकडे शहाण्या मुलांसारखे आपापल्या मर्यादेत बसलेले. डॉक्टर म्हणतात, काही नाही, सगळं नॉर्मल आहे. आपण पैसे देऊन बाहेर पडतो आणि ‘काही नाही’ घेऊन घरी येतो.

आजीकडे ‘काही नाही’ला उपचार होता. ‘कसंतरीच होतंय’ एवढं निदान तिला पुरे. मीठ-मोहरी आणि लाल मिरच्या मुठीत घेऊन ओवाळायची आणि चुलीत टाकायची. ठसका लागला नाही तर दृष्ट जबरदस्त, लागला तर उतरली. दोन्हीकडून ती बरोबर. दृष्ट-बिष्ट मी मानत नाही. पण माणूस सगळी कामं टाकून आपल्यासमोर उभं राहतं, डोक्यापासून पायापर्यंत आपल्याला नीट बघतं, ‘तुला काहीतरी झालंय’ हे आधी कबूल करतं, आणि मग तीनदा ओवाळतं. इतकं लक्ष आजकाल कुठल्या तपासणीत मिळतं?

आजीचं एक मात्र आमच्या घरात टिकलंय. मृग लागला की हिंग खायचा. गुळाच्या छोट्या गोळीत चिमूटभर. योगायोगाने एन्योव्हदेनच्या दोन-अडीच आठवडे आधीच. बल्गेरियातल्या बायका निदान आपल्या माळावरचं तरी तोडून आणतात. आमचा हा घरगुती, अस्सल, पिढ्यान्‌पिढ्यांचा उपाय अफगाणिस्तान-इराणकडून येतो. हिमाचलात लाहौलला हिंगाची रोपं लावून बघायला सुरुवात झाली तीच 2020 मध्ये.

हा हिंग नेमका कशावर, याबद्दल घरात एकमत नाही. बाबा म्हणतात, पावसाळ्यात पचन मंदावतं त्यावर. काका म्हणतात, वातावर. माझी मुलगी दरवर्षी नाक दाबून विचारते, ‘‘पण मला काही झालेलंच नाहीये, मग मी कशाला?’’

आई म्हणते, ‘‘कशाला म्हणजे? खायचा असतो.’’