टी पेशीला विषाणू दिसतच नाही

विषाणू शरीरात शिरला की टी पेशी (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) त्याला ओळखून मारतात, असं सर्रास लिहिलेलं आढळतं. यातलं 'ओळखून' बरोबर आहे, 'त्याला' चूक. रक्तात मोकळा फिरणारा विषाणू पकडणं हे अँटीबॉडीचं काम. टी पेशीच्या रिसेप्टरला, म्हणजे तिच्या पृष्ठभागावरच्या ओळखणाऱ्या प्रथिनाला, दिसते ती आपलीच एखादी पेशी आणि तिच्या अंगावर लटकलेला विषाणूच्या प्रथिनाचा एक तुकडा.

हा तुकडा बाहेर येतो कसा? पेशीत विषाणूची प्रथिनं तयार होऊ लागली की प्रोटिआसोम ही पेशीतली प्रथिनं कापणारी यंत्रणा त्यांचे तुकडे करते. टॅप नावाचा वाहक ते एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम या पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्यात ओढून घेतो. तिथे साधारण ८ ते १० अमिनो आम्लांचा पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा, एचएलए वर्ग १ या तुकडे दाखवणाऱ्या रेणूच्या खोबणीत बसतो आणि दोघं मिळून पृष्ठभागावर येतात. मारक सीडी८ टी पेशी हीच जोडी वाचते. मदतनीस सीडी४ पेशी वर्ग २ चे जरा लांब पेप्टाइड वाचतात, तेही मुख्यतः डेंड्रिटिक, बी आणि मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींवरचे. पेप्टाइड आणि एचएलए दोन्ही जुळावे लागतात, हे १९७४ मध्ये झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी उंदरांवर दाखवलं. विषाणू तोच, पण पेशी वेगळ्या एमएचसीच्या (माणसात यालाच एचएलए म्हणतात) उंदराची असली, तर मारक पेशी तिला हात लावत नव्हत्या. १९९६ चं नोबेल याच कामाला मिळालं.

बहुतेक टी पेशींच्या रिसेप्टरमध्ये अल्फा आणि बीटा अशा दोन साखळ्या असतात. त्यांची जनुकं तयार मिळत नाहीत. व्ही, डी आणि जे हे जनुकांचे तुकडे (अल्फात डी नसतो) रॅग एन्झाइम कापून जोडतात आणि जोडताना सांध्यांवर डीएनएची काही अक्षरं गळतात, काही नवी घुसतात. त्या सांध्यातूनच सीडीआर३ हा वेटोळ्यासारखा भाग तयार होतो आणि पेप्टाइडला मुख्यतः तोच भिडतो. थायमस या छातीतल्या ग्रंथीत मग चाळणी लागते: आपल्या एचएलएला जराही न चिकटणाऱ्या पेशी बाद, आपल्याच पेप्टाइडला घट्ट चिकटणाऱ्याही बाद. शंभरातल्या पाचही पार होत नाहीत.

मला सगळ्यात रंजक वाटते ती या रिसेप्टरची पकड, कारण ती चक्क ढिली असते. केडी (पकडीचं माप; आकडा जितका लहान तितकी पकड घट्ट) साधारण १ ते १०० मायक्रोमोलर. मुरलेल्या अँटीबॉडीची पकड नॅनोमोलर, म्हणजे हजारो पटींनी घट्ट. तरीही पेशीवर योग्य पेप्टाइड मोजून काही थोडेच असले, तरी टी पेशी जागी होते. पकड काही सेकंद टिकली की एलसीके हे एन्झाइम रिसेप्टरला जोडलेल्या सीडी३ संचाच्या शेपट्यांवर फॉस्फेट चढवतं, तिथे झॅप-७० हे दुसरं एन्झाइम येऊन बसतं आणि पायरीपायरीने संदेश पुढे जातो. चुकीचा पेप्टाइड या पायऱ्या पूर्ण होण्याआधीच सुटतो. ओळख पटते ती अशी, वेळेच्या हिशेबावर.

एखाद्या नव्या पेप्टाइडला जुळणाऱ्या कोऱ्या (अजून संसर्गाशी गाठ न पडलेल्या) टी पेशी लाखात किंवा दहा लाखांत एखादीच. म्हणून पहिल्या संसर्गात त्यांची फौज उभी राहायला आठवडा-दोन आठवडे लागतात. संसर्ग ओसरला की त्यातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक मरतात, उरलेल्या स्मृती पेशी होतात. २००३ च्या सार्समधून बऱ्या झालेल्यांत १७ वर्षांनीही अशा पेशी सापडल्या. मात्र संसर्ग रोखणं त्यांच्या हातात नसतं. पेशी बाधित झाल्यावरच त्यांना काही दिसतं, त्यामुळे फायदा दिसतो तो आजाराच्या तीव्रतेत.

विषाणूंनाही हे ठाऊक असल्यासारखं आहे. हर्पीस सिम्प्लेक्सचं आयसीपी४७ टॅपचं तोंड बंद करतं. सायटोमेगॅलोव्हायरसची यूएस२ आणि यूएस११ ही प्रथिनं वर्ग १ चे रेणू नष्ट करवतात. एचआयव्हीचं नेफ हे प्रथिन वर्ग १ मधले एचएलए-ए आणि बी पृष्ठभागावरून खाली ओढतं, एचएलए-सीला मात्र सोडतं. सगळेच गायब झाले तर वर्ग १ चे रेणू नसलेल्या पेशी मारणाऱ्या एनके पेशी तुटून पडतील. दुसरा मार्ग पेप्टाइडच बदलण्याचा. एचएलए-बी२७ हा प्रकार असलेल्यांत एचआयव्हीच्या गॅग प्रथिनातलं २६४ वं आर्जिनिन लायसिन झालं की तो पेप्टाइड खोबणीत नीट बसत नाही. पण हा बदल विषाणूलाही महाग पडतो, दुसरीकडे डागडुजी करावी लागते, म्हणून सुटका बहुधा उशिरा होते. इन्फ्लुएंझाच्या एम१ चा ५८ ते ६६ हा तुकडा याउलट फारसा बदलत नाही. एचएलए-ए२ असलेल्या वेगवेगळ्या माणसांत त्याच्याविरुद्ध जवळजवळ सारखेच रिसेप्टर सापडतात.

अशा टी पेशी प्रयोगशाळेत मोजताना एक चूक वारंवार होते. चार एचएलए-पेप्टाइड एकत्र बांधलेला टेट्रामर रिसेप्टरला चिकटतो आणि फ्लो सायटोमीटर या पेशी मोजणाऱ्या यंत्रावर ती पेशी उजळते. पण पेशी आधी पेप्टाइडने चेतवल्या असतील, तर रिसेप्टर आत ओढले जातात आणि प्रतिसाद भरपूर असूनही आकडा कमी येतो. टेट्रामर आधी लावावा, सीडी८ ची अँटीबॉडी नंतर. ढिल्या पकडीच्या रिसेप्टरसाठी त्याआधी अर्धा तास ५० नॅनोमोलर डासाटिनिब हे औषध दिलं, तर रिसेप्टर आत जाणं थांबतं आणि अंधूक दिसणारी पेशी स्पष्ट वेगळी होते. ज्या नळीत सायटोकाइन (पेशींचे संदेशवाहक रेणू) मोजायचे असतील तिथे मात्र ते घालू नये. ते एलसीकेच थोपवतं, मग सायटोकाइन तयारच होत नाहीत.